नावापुढचा रंगीत ठिपका

सांगली जिल्ह्यातल्या तासगावात ठिबक सिंचनाचं साहित्य विकणारं एक दुकान कल्पनेनं उभं करू. दुकान पंधरा-वीस वर्षांचं आहे आणि संगणकात दोन हजारांच्या आसपास गिऱ्हाइकांची नोंद आहे. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास येते. त्याआधी बागायतदाराला लॅटरल धुवून घ्यायच्या असतात, ड्रिपरमध्ये बसलेला क्षार ॲसिडनं काढायचा असतो, फिल्टरची जाळी फाटली असेल तर बदलायची असते. दुकानानं सप्टेंबरात आपल्या द्राक्षवाल्यांना एकेक फोन केला तर हे सामान त्याच्याकडून जातं, नाही केला तर पलीकडच्या दुकानातून. अडचण एकच आहे. दोन हजार नावांतले द्राक्षवाले कोणते?

मालकाला विचाराल तर तो बसल्या जागी शंभर-दीडशे नावं सांगेल. पण मालक आज मिरजेला लग्नाला गेलाय आणि गल्ल्यावरचा पोरगा नवा आहे. त्याच्यापुढे पडद्यावर नाव आहे, मोबाइल आहे, गाव आहे, जीएसटी क्रमांकाचा रिकामा रकाना आहे आणि शेवटचं बिल आहे. पीक कुठेच नाही. असणार तरी कसं? ही सॉफ्टवेअरं बनवणारी मंडळी चेन्नईत, बेल्जियममध्ये नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोत बसलेली. त्यांनी जगातल्या प्रत्येक धंद्याला लागणारे रकाने आधीच आखून ठेवावेत ही अपेक्षाच गैर. म्हणून त्यांनी एक पळवाट ठेवली. नोंदीच्या एका कोपऱ्यात हवा तो शब्द लिहा, त्याला हवा तो रंग द्या आणि पुढे त्या शब्दावरून नोंदी हुडका. हा टॅग. झोहो घ्या, ओडू घ्या, नाहीतर मोबाइलवरचं व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, कुणी त्याला टॅग म्हणतं, कुणी लेबल, वस्तू एकच. छोट्या धंद्यांना ही पळवाटच पुढे हमरस्ता वाटू लागली, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

टॅग येण्याआधीची रीत कप्प्यांची होती. महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानदारांना ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे ओळखीची आहे. टॅलीत प्रत्येक खातं कुठल्या तरी एकाच गटाखाली बसतं. उधारीचं गिऱ्हाईक ‘संड्री डेटर्स’मध्ये, माल देणारा ‘संड्री क्रेडिटर्स’मध्ये. एक खातं एका वेळी दोन गटांत बसत नाही. हिशेबाला हीच शिस्त हवी, कारण तोच रुपया दोन ठिकाणी मोजला गेला तर ताळेबंद जुळायचा नाही. पण गिऱ्हाइकाला ही शिस्त लावली की पंचाईत होते. तासगावच्या एकाच शेतकऱ्याच्या चार एकरांत द्राक्ष असतं, दोन एकरांत आडसाली ऊस असतो आणि ओढ्याकडेच्या तुकड्यात हळद. त्याला ‘द्राक्ष’ गटात टाकलं तर जुलै-ऑगस्टात उसाच्या लागणीच्या यादीतून तो गळतो. ‘ऊस’ गटात टाकलं तर छाटणीच्या यादीतून. दोन्हीकडे ठेवायचा म्हणून दोन नोंदी केल्या, की वर्षभरात एका नोंदीतला मोबाइल बदलतो आणि दुसरीतला जुनाच राहतो.

टॅगमध्ये ही कोंडी नाही. एका नावाला कितीही टॅग लागतात आणि एका टॅगखाली कितीही नावं येतात. याचा एक परिणाम मात्र नव्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. द्राक्षवाले किती, ऊसवाले किती, हळदवाले किती असे आकडे काढून बेरीज केली तर ती एकूण गिऱ्हाइकांपेक्षा जास्त भरू शकते. ‘सॉफ्टवेअर चुकतंय’ म्हणून कंपनीला फोन करू नये. टॅगच्या आकड्यांची बेरीज करायचीच नसते.

ही कल्पना संगणकाची वाटते, पण कागदाच्या काळातही ती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘कार्डेक्स’ नावाची कपाटं निघाली. १९२७ मध्ये रेमिंग्टन रँड ही कंपनी उभी राहिली तेव्हा हा धंदा तिच्यात सामावला. उथळ ट्रेमध्ये कार्डं एकावर एक अशी सरकवून लावलेली असत, की प्रत्येकाची फक्त एक कडा दिसावी. कडेवर गिऱ्हाइकाचं नाव, आणि त्या कडेला अडकवता येतील अशा रंगीत सेल्युलॉइडच्या छोट्या खुणा. ट्रे ओढला की कुणाकडे वसुलीला जायचंय, कुणाची ऑर्डर बऱ्याच दिवसांत आलेली नाही, हे एकही कार्ड न उचलता दिसे. खूण कार्डावर छापलेली नसे, सरकवता येई, काढताही येई. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमधला टॅगही तसाच काढता येतो, फक्त काढण्याची सवय कुणाला उरलेली नाही.

संगणकावर हे टप्प्याटप्प्यानं आलं. ॲपलच्या मॅकिन्टॉशवर १९९१ च्या ‘सिस्टिम ७’मध्ये फाइलला सात रंगांपैकी एक देता येई, पण एकच. एका फाइलला अनेक टॅग लावण्याची सोय मॅकवर आली ती थेट २०१३ मध्ये. मधल्या काळात इंटरनेटवर ‘डिलिशस’नं २००३ मध्ये दुवे साठवण्यासाठी टॅग वापरले आणि २००४ मध्ये जीमेलनं फोल्डरऐवजी लेबल दिलं. पुढे धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आली.

आतल्या बाजूनं पाहिलं तर टॅग गिऱ्हाइकाच्या नोंदीत लिहिलेलाच नसतो. संगणक तीन तक्ते ठेवतो. एकात गिऱ्हाइकं, प्रत्येकाला एक क्रमांक. दुसऱ्यात टॅग, त्यांनाही क्रमांक, शेजारी नाव आणि रंग. तिसऱ्यात फक्त जोड्या: गिऱ्हाईक ४१२ आणि टॅग ७, गिऱ्हाईक ४१२ आणि टॅग ९. बस. म्हणून ‘द्राक्ष’ बदलून ‘द्राक्ष बागायतदार’ केलं की दुसऱ्या तक्त्यातली एक ओळ बदलते आणि सहाशे नावांपुढचा शब्द एका फटक्यात नवा होतो. वहीत हे करायला आठवडा लागला असता. याच रचनेमुळे चूकही तितक्याच वेगानं पसरते. कुणी गंमत म्हणून एका टॅगचा रंग हिरव्याचा लाल केला, तर तोही सगळीकडे बदलतो.

रंगाचं तर आणखी गमतीचं आहे. ओडू हे बेल्जियममध्ये जन्मलेलं सॉफ्टवेअर, आपल्याकडेही पुष्कळ छोट्या कारखान्यांत वापरलं जातं. त्यात टॅगचा रंग म्हणजे ० ते ११ पैकी एक आकडा. शून्य म्हणजे रंग नाही. तुम्ही टॅगच्या चौकटीत नवा शब्द टाइप करून एंटर दाबलं, की ते सॉफ्टवेअर १ ते ११ मधला एक आकडा चिठ्ठी टाकल्यासारखा उचलून त्या टॅगला देतं. म्हणजे पडद्यावर ‘हळद’ निळी आणि ‘ऊस’ गुलाबी दिसला तर त्यात काही संकेत आहे असं समजू नका. कुणीतरी बसून ठरवेपर्यंत ती निव्वळ रंगपंचमी आहे. मी तर म्हणेन की बहुतेक दुकानांत ती शेवटपर्यंत रंगपंचमीच राहते.

मग रंगाची गरजच काय? गरज डोळ्यांना आहे. १९८० मध्ये ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. त्यांच्या प्रयोगात माणसांना अक्षरांच्या गर्दीतून एक अक्षर शोधायचं होतं. ते अक्षर एकट्या रंगानं वेगळं असेल, म्हणजे बाकीच्यांत एकच निळं असेल, तर गर्दी वाढवली तरी शोधायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राही. निळं अक्षर आपण होऊन डोळ्यांत भरे. पण शोधायचं होतं हिरवं ‘टी’, आणि भोवती हिरवे ‘एक्स’ व तपकिरी ‘टी’ पसरलेले, असं केलं की चित्र पालटलं. आता रंगही पाहायचा आणि आकारही. प्रत्येक वाढीव अक्षरागणिक वेळ वाढत गेला, कारण मेंदूला एकेक अक्षर तपासत जावं लागत होतं.

दुकानाच्या पडद्यावर याचा अर्थ सरळ आहे. यादीत बाकी सगळं काळं-करडं असेल आणि मोजक्या नावांपुढे नारिंगी ठिपका असेल, तर पोरगा यादी न वाचता त्या नावांवर पोचतो. पण प्रत्येक नावापुढे तीन-तीन, चार-चार रंगीत पट्ट्या असतील तर नारिंगी शोधण्यासाठी त्याला पुन्हा वाचावंच लागतं, वर डोळे शिणतात ते वेगळंच. अकरा रंग उपलब्ध आहेत म्हणून अकराही वापरले की हेच होतं. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये जगातल्या अनेक भाषांतली रंगांची नावं तपासून मूलभूत रंगांचे ११ गट मांडले होते. ओडूचे रंगही अकराच, हा बहुधा योगायोग. पण नाव देता येणं आणि धावत्या नजरेला वेगळं दिसणं यांत फरक आहे. जांभळा आणि गडद निळा यांची नावं वेगळी असली तरी दुपारच्या उन्हाची तिरीप पडलेल्या मॉनिटरवर ते एकच दिसतात. यादीत चार-पाचांच्या वर रंग नेऊ नयेत असं माझं मत आहे, आणि दोन गोष्टी एकत्र शोधायच्या असतील, उदाहरणार्थ ‘द्राक्ष’ हा टॅगही आणि मणेराजुरी हे गावही, तर ते काम डोळ्यांवर न टाकता फिल्टरवर टाकावं. संगणकाला दोन अटी म्हणजे काहीच नाही.

रंग इतका मोलाचा आहे तर तो कुणावर खर्चायचा? इथे टॅगच्या पोटातले भेद पाहावे लागतात, कारण सॉफ्टवेअर ते दाखवत नाही. त्याच्या लेखी सगळे टॅग सारखेच.

‘द्राक्ष’ हा टॅग गिऱ्हाइकाचं वर्णन करतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. बाग मोडून माणसानं ऊस लावला तरच बदलायचा. आता दुसरा टॅग घ्या: ‘सातबारा बाकी’. ठिबकच्या सरकारी अनुदानासाठी अर्ज भरायचाय, शेतकऱ्यानं सातबारा आणि आठ-अ आणून द्यायचाय, तो अजून आलेला नाही. हा टॅग माणसाबद्दल काहीच सांगत नाही, तो एका अडलेल्या कामाबद्दल सांगतो. कागद आला की टॅग निघायला हवा. माझ्या मते रंगाचा हक्क याचा. वर्णनाचे टॅग सगळे बिनरंगी ठेवावेत. ते शोधायला आहेत, बघायला नाहीत. कामाच्या टॅगांना रंग द्यावा, आणि तोही अशांनाच की जे दिसल्यावर दुकानातल्या एका ठरलेल्या माणसानं एक ठरलेली गोष्ट करायची आहे.

रंगखुणांचा विषय निघाला की मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला येतोच, आणि इथे तो खरोखर लागू पडतो. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेल्या अक्षर-आकड्यांत डबा कुठून उचलला, कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर न्यायचा एवढंच असतं. साहेबाचं नाव नसतं, हुद्दा नसतो, तो जुना गिऱ्हाईक की नवा हेही नसतं. खूण पाहणाऱ्याला पुढचं पाऊल कळलं की तिचं काम झालं.

अनुदानाचाच धागा पुढे नेऊ, कारण टॅगचा सगळ्यात सर्रास होणारा गैरवापर तिथे दिसतो. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज होतो, मग निवड, मग पूर्वसंमती, मग संच बसवणं, बिल चढवणं, मोका तपासणी आणि शेवटी शेतकऱ्याच्या बँक खात्यात अनुदान. दुकानदार काय करतो, तर यातल्या प्रत्येकाचा एकेक टॅग बनवतो. पूर्वसंमती आली की तो टॅग लावतो, तपासणी झाली की तपासणीचा लावतो, आणि आधीचा काढायचं विसरतो. वर्षभरानं एकाच शेतकऱ्याच्या नावापुढे ‘अर्ज केला’, ‘पूर्वसंमती’, ‘मोका तपासणी’ अशी माळ लटकते आणि काम नेमकं कुठे आहे ते विचारायला पुन्हा मालकच लागतो. एकामागून एक येणाऱ्या आणि एका वेळी एकच खऱ्या असणाऱ्या गोष्टींसाठी टॅग नसतातच. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये टप्पे असतात. टप्पा बदलला की जुना आपोआप सुटतो.

गंमत अशी की व्हॉट्सॲप बिझनेसनंच ही सवय लावली. २०१८ च्या जानेवारीत हे ॲप आलं आणि भारतातल्या घरगुती धंद्यांनी ते हातोहात उचललं. त्यातली तयार लेबलं होती: नवं गिऱ्हाईक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. सगळे टप्पेच! एकाच चॅटवर ‘पैसे बाकी’ आणि ‘पैसे मिळाले’ ही दोन्ही लेबलं शेजारी-शेजारी नांदू शकतात, ॲपला त्यात काही वावगं वाटत नाही. दिवाळीचा फराळ किंवा पैठणीच्या ऑर्डरी घरून घेणाऱ्या बाईंना वीस-पंचवीस चॅटमध्ये हे सांभाळता येतं, कारण बाकीचं त्यांच्या डोक्यात असतं. त्या ॲपमध्ये एकूण लेबलांची मर्यादा २० आहे, आणि मला ती मर्यादा नसून मेहेरबानी वाटते.

‘थकबाकी’ या टॅगबद्दल मात्र थोडं कडक बोलायला हवं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं आणि जमा दोन्ही नोंदली जातात, तिथे कुणाकडे किती येणं आहे हे ते सॉफ्टवेअरच क्षणात सांगतं. तरीही लोक हातानं लाल ‘थकबाकी’ टॅग लावतात. गिऱ्हाईक सोमवारी पैसे भरून जातं, टॅग कुणी काढत नाही, आणि शुक्रवारी नवा पोरगा त्यालाच चारचौघांत विचारतो, “काका, मागचं बाकी आहे ना?” जुन्या खातेवहीत असं व्हायचं नाही, कारण तिथे जमा लिहिल्याशिवाय बाकी बदलत नसे आणि जमा लिहिली की बाकी आपोआप खाली येई. आकड्यांतून जे निघतं ते टॅगनं सांगू नये. गावाचंही तसंच. गावासाठी रकाना आहे, तिथेच गाव लिहावं. ‘व्हीआयपी’ टॅगबद्दल तर न बोललेलंच बरं. तो कुणाला लावायचा हे कुठल्याच दुकानात ठरलेलं नसतं आणि शेवटी तो मालकाच्या साडूला लागतो.

रंगीत खूण माणसाला कशी चिकटते याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची शिधापत्रिका आली. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असलेल्या कुटुंबांना पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि एक लाखाच्या पुढे पांढरी, अशी ढोबळ विभागणी होती. रेशन दुकानदाराच्या दृष्टीनं ही उत्तम योजना. कार्ड काउंटरवर ठेवलं की वाचायची गरज नाही, कुठल्या भावानं काय द्यायचं ते रंगावरून ठरे.

पण रंग कार्डावर छापलेला होता. उत्पन्न वरखाली होतं, नोकरी लागते, कमावतं माणूस जातं, रंग बदलायला मात्र तहसीलच्या खेपा. काही वर्षांत रंग उत्पन्नाचा उरला नाही, कुटुंबाचा झाला. ‘त्यांचं पिवळं आहे’ हे वाक्य गावात हेव्यानंही म्हटलं जाऊ लागलं आणि हिणवायलाही. पुढे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला, राज्यात तो २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला, आणि त्यानं वेगळेच गट केले: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डधारकांपैकी शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजारांपर्यंत उत्पन्न असलेले प्राधान्य गटात आले, उरलेले बाहेर राहिले. शेजारच्या दोन घरांत एकाच रंगाचं कार्ड, पण एकाला स्वस्त धान्य आणि दुसऱ्याला नाही. ज्या रंगानं दुकानदाराचं वाचणं वाचवलं होतं, तो आता काहीच सांगेना. कार्डावर शिक्का मारून ते सांगावं लागलं. म्हणजे टॅगवर टॅग.

दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलणं एका क्लिकचं काम आहे, तरी ही घसरगुंडी तिथेही होते. पहिल्या वर्षी हिरवा म्हणजे ‘रोखीचं गिऱ्हाईक’ असं ठरतं. तिसऱ्या वर्षी नवीन आलेला माणूस हिरवा म्हणजे ‘चांगलं गिऱ्हाईक’ समजून लावू लागतो. पाचव्या वर्षी हिरवे सहाशे असतात आणि त्यातले निम्मे उधारीवाले.

शब्दांचा पसारा याहून वेगानं वाढतो. ‘द्राक्ष’, ‘द्राक्षे’, ‘द्राक्ष बाग’ आणि रोमन लिपीत तीन प्रकारच्या स्पेलिंगनं लिहिलेलं तेच. माणसाला हे सारं एक वाटतं, संगणकाला सहा. सप्टेंबरच्या फोनची यादी काढताना एक टॅग निवडला की बाकीच्या पाचांखालची गिऱ्हाइकं निसटतात, आणि निसटल्याचं कळतही नाही. ही यातली खरी हानी. यादी रिकामी आली असती तर शंका तरी आली असती. चारशेची यादी येते, फोन होतात, सगळे खूश, आणि दोनशे जण पलीकडच्या दुकानात जातात. म्हणून टॅग लावायची मुभा सगळ्यांना असावी, नवा टॅग बनवायची एकाच माणसाला. काही सॉफ्टवेअरमध्ये दोन टॅग एकत्र करायची सोय असते. नसेल तर एकाखालची सगळी नावं निवडून दुसरा लावायचा आणि पहिला काढायचा. अर्ध्या तासाचं काम, वर्षातून एकदा.

काहींचा संसार अजून एक्सेलवर आहे आणि त्यात वाईट काही नाही. तिथे टॅग म्हणजे पिवळ्या रंगानं भरलेली ओळ. एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून रंगावरून गाळणी लावता येते, पण पिवळ्या ओळी किती हे मोजणारं सरळ सूत्र आजही नाही, कारण एक्सेलच्या लेखी रंग ही सजावट आहे, माहिती नाही. हीच फाइल सीएसव्ही करून नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की रंग वाटेतच गळतो. सीएसव्हीत फक्त अक्षरं आणि आकडे असतात. ज्यांनी शेजारच्या रकान्यात शब्द लिहून ठेवला त्यांचं सगळं सुखरूप येतं. ज्यांनी नुसता पिवळा फासला त्यांना तो का फासला होता हे आठवणारा जुना कारकून शोधावा लागतो.

शब्द लागतो याचं दुसरं कारण शरीरात आहे. जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला आपल्याला इतरांसारखे रंग दिसत नाहीत हे उमगलं आणि १७९४ मध्ये त्यानं त्यावर निबंध वाचला. लाल-हिरव्यातला हा घोळ आनुवंशिक आहे आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं तो मुख्यत्वे पुरुषांत दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, भारतात याहून कमी, पण अगदी दुर्मिळ म्हणावं असं नाही. अशा माणसांपैकी अनेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ता वाहन परवान्याच्या किंवा रेल्वेच्या तपासणीपर्यंत नसतो. ‘पैसे आले’ हिरवा आणि ‘नाही आले’ लाल ही जोडी म्हणूनच सगळ्यात वाईट. निळा आणि नारिंगी घ्या. वेब पानांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांतही हेच सांगितलंय, की कुठलीही गोष्ट एकट्या रंगानं सांगू नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढं अंतर असावं, हाही त्यातलाच निकष. झगझगीत पिवळ्यावर पांढरं अक्षर लिहिलं तर ते अंतर १.०७ ला १ भरतं. म्हणजे अक्षर आहे हे केवळ लिहिणाऱ्याला माहीत.

टॅगमध्ये काय लिहू नये याचं उत्तर सोपं आहे: जे गिऱ्हाइकाला दाखवता येणार नाही ते. ‘कटकट्या’, ‘घासाघीस’, ‘बायको व्यवहार बघते’ असले टॅग मी पाहिलेले आहेत. गल्ल्यावरचा पडदा बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडे अर्धा वळलेला असतो, आणि बिलाच्या पीडीएफमध्ये कुठला रकाना छापला जाईल याचा नेम नसतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं आपल्याबद्दल काय माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क माणसाला मान्य केला आहे. जात, आजार, राजकीय पक्ष यांचे टॅग तर कुठल्याच कारणानं नकोत. दुकानाला त्यांचा उपयोग नसतो, आणि फाइल चुकीच्या हातात पडली तर ज्याला उपयोग असतो तो दुकानदार नसतो.

राहता राहिला जुन्या टॅगांचा निकाल. हंगाम संपला, ‘सातबारा बाकी’खाली कुणीच उरलं नाही, दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यातली ‘मेळावा भेट’ आता कुणी उघडून पाहत नाही. असा टॅग डिलीट केला की तिसऱ्या तक्त्यातल्या जोड्याही पुसल्या जातात आणि त्या मेळाव्यातून आलेल्यांपैकी किती जण पुढे खरंच गिऱ्हाईक झाले हे मग कधीच काढता येत नाही. ओडूत त्यासाठी टॅग ‘सक्रिय’ आहे की नाही अशी एक खूण असते. ती काढली की टॅग निवडायच्या यादीतून नाहीसा होतो, पण जुन्या जोड्या जागच्या जागी राहतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नाही तिथे डिलीट करण्याआधी त्या टॅगची यादी एकदा सीएसव्हीत उतरवून घ्यावी आणि फाइलच्या नावात वर्ष लिहावं.